चालठसा

माझ्या मागे रोज एक माणूस चालतो, हे मी घरी पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा आईनं भाजी चिरता चिरता विचारलं, "लग्नाचा आहे का?"

आईला दोष देण्यात अर्थ नाही. चौतिशीतली मुलगी घरात असली की आईला जगातल्या प्रत्येक पुरुषाबद्दल आधी हाच प्रश्न पडतो. मी म्हटलं, "त्याला मी नाही म्हणून सांगितलंय, आई. तेव्हापासूनच चालायला लागलाय." तेव्हा कुठे तिची सुरी थांबली.

त्याचं नाव हर्षल देवकर. आमच्या ढोल-ताशा पथकात तो चार वर्षं ढोल वाजवायचा आणि मी ताशा. ज्यांनी पथक फक्त गॅलरीतून पाहिलंय त्यांच्यासाठी सांगते: ढोल कितीही मोठे असले तरी हुकूम ताशाचा चालतो. ताशानं इशारा दिला की पन्नास ढोल वळतात. हर्षल माझ्या बरोबर मागच्या रांगेत असायचा. एका गणपतीनंतर त्यानं मला मागणी घातली, मी नाही म्हटलं, त्यानं कारण विचारलं, मी म्हटलं, कारण मला नकोय. मला वाटलं विषय संपला. त्यानं पथक सोडलं आणि मला मनातल्या मनात जरा वाईटही वाटलं. किती भोळं असावं माणसानं.

त्यानंतर संध्याकाळी साताऱ्याच्या राजपथावरचं माझं चष्म्याचं दुकान बंद करून मी घरी निघाले की मागे पावलं यायची. मी थांबले की तीही थांबायची. मी वळून पाहिलं तर लांब कुठेतरी टोपी, मास्क, ढगळ जॅकेट, आणि तो माणूस कुठल्या तरी दुकानाची पाटी वाचत असायचा. कधी बोलला नाही, कधी जवळ आला नाही. अधूनमधून दुकानाच्या शटरला ताशाच्या नव्या काड्यांची जोडी बांधलेली सापडायची. पोलिसांनी नीट ऐकून घेतलं, कॅमेरेही पाहिले. पण चेहरा कुठेच नव्हता, आणि हर्षलचा मोबाइल त्या वेळी रोज त्याच्या घरीच असायचा. त्याला बोलावून समज दिली तर तो म्हणाला, "मी तर त्या वेळी घरात टीव्ही बघतो, साहेब."

मी चालणं सोडलं. तीन गल्ल्यांसाठी रिक्षा करायला लागले. पथकाच्या सरावाला जाईना. दुकानात कुणी उंच माणूस डोळे तपासायला आला की मी काउंटरच्या आडच उभी राहायचे. आईवर उगाच खेकसायचे. तिकडे इंदूरला मामाचं चष्म्याचंच दुकान आहे. तो म्हणाला, इकडे ये, आणि आईनं लगेच कपाटावरची मोठी बॅग खाली काढली.

"तू जाणार असशील तर जा," माझी शाळेतली मैत्रीण रुक्साना बागवान म्हणाली. ती वकील आहे आणि लहानपणापासून भांडणात तिला माझ्यापेक्षा जास्त रस. "पण तो चालतोय म्हणून तू गाव सोडणार? आधी कोर्टात संरक्षण आदेश मागू. साक्षीदार आहे आपल्याकडे."

"कोण?"

तिनं पायातली चप्पल जमिनीवर आपटली. "हा. रस्ता."

इथे जरा विज्ञान सांगायला हवं. घाबरू नका, मलाही एवढंच कळलंय.

कासच्या तलावातून गावात पाणी आणणाऱ्या नळांना कुठे गळती लागते ते कळावं म्हणून काही वर्षांपूर्वी साताऱ्याच्या रस्त्यांखाली काचतंतूची केबल टाकली होती. इंटरनेटची असते तशीच. एका टोकाकडून तिच्यात प्रकाशाचे बारीक झटके सोडतात. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्या अंगात सूक्ष्म खोट असतेच, आणि त्या खोटीवर आपटून थोडा प्रकाश मागे परततो. वरच्या जमिनीला हादरा बसला की त्या जागी काच अगदी नाममात्र ताणली जाते आणि परतणारा प्रकाश बदलतो. तो बदल मोजला की हादरा कुठे बसला ते हातभर अंतरापर्यंत सांगता येतं. म्हणजे केबलचा तुकडा न तुकडा एकेक कान झाला. पाणी गळतंय का ते ऐकायला बसवलेल्या या कानांना मग ट्रक ऐकू यायला लागले, म्हशी ऐकू यायला लागल्या, आणि शेवटी माणसं.

प्रत्येकाची चाल वेगळी असते. टाच किती जोरात टेकते, वजन एका पायावरून दुसऱ्यावर किती वेळात जातं, कुठला पाय जरा आळशी आहे, हे सगळं मिळून जी खूण तयार होते तिला चालठसा म्हणतात. अंगठ्याच्या ठशासारखंच, फक्त हा ठसा चालता चालता उमटतो. गावात ही बातमी पसरली तेव्हा काही दिवस लोक रस्त्यानं फार विचित्र चालत होते. आईचीही चिंता वेगळीच होती: "म्हणजे मी डॉक्टरला चोरून भजी आणायला जाते तेही कळतं की काय?"

तसं कळत नाही. ते काम आधीच कायद्यानं बांधून ठेवलंय. रस्त्याला पावलं कळतात, नावं कळत नाहीत. काही महिन्यांनी जुनी नोंद पुसली जाते. फक्त कोर्टानं हुकूम दिला तरच नोंद उघडते, आणि कुठल्याही पावलांना नाव चिकटवायचं तर त्या माणसाला कोर्टासमोर चालून नमुना द्यावा लागतो. एकदा आदेश झाला की मग रस्ताच पहारा देतो. त्याची पावलं तुमच्या पावलांच्या जवळ आली की तुमच्या मनगटावरची पट्टी थरथरते आणि पोलिस ठाण्यात घंटा वाजते.

आम्ही अर्ज केला. मी कोर्टाच्या व्हरांड्यात चालून माझा नमुना दिला, आणि पुढच्या तारखेला न्यायाधीश पाटोळे साहेबांसमोर माझी नोंद उघडली गेली. कोर्टानं नेमलेल्या तज्ज्ञ डॉ. इनामदार बाईंनी पडद्यावर गावाचा नकाशा लावला. राजपथावरून हिरवे ठिपके निघाले. ती मी. आणि मागे, सतत तेवढंच अंतर राखून, लाल ठिपके. हिरवे थांबले की लाल थांबत होते. हिरवे गल्लीत वळले की लालही वळत होते. दुसऱ्या संध्याकाळी तेच, तिसऱ्या संध्याकाळी तेच.

मला रडू फुटलं, आणि खरं सांगते, ते आनंदाचं होतं. मला भास होत नव्हते. मी खुळी झाले नव्हते. माझ्या मागे खरंच कुणीतरी होतं आणि आता ते भर कोर्टात सगळ्यांना दिसत होतं.

"कुणीतरी आहे, हे मान्य," पाटोळे साहेब म्हणाले. ते कमी बोलायचे आणि हळू बोलायचे. "तो हाच, हे दाखवा."

हर्षलला नमुना द्यायला बोलावलं. तो आला, माझ्याकडे पाहून जरासा हसला, आणि व्हरांड्यातल्या पट्ट्यावरून चक्क लंगडत गेला. गुडघा दुखावलाय, म्हणाला. डॉ. इनामदार बाईंनी त्याला चार वेळा चालायला लावलं. चारही वेळा तीच लंगडी चाल. लाल ठिपक्यांशी काहीही जुळेना.

बाहेर आल्यावर मी बाईंना विचारलं, "तो मुद्दाम करतोय, हे तुम्हाला दिसत नाही?"

"दिसतं ना," त्या म्हणाल्या. "पण मला दिसून काय उपयोग? यंत्राला दाखवता आलं पाहिजे. हे बघ, चालणं आपण मन लावून करत नाही. ते काम पाठीचा कणा आणि लहान मेंदू परस्पर उरकतात. मन मध्ये पडलं तर सोंग करता येतं, पण फक्त मन तिथे हजर असेपर्यंत. ते दुसरीकडे गेलं की पाय आपल्या मूळ चालीवर येतात. याचं मन दुसरीकडे कसं न्यायचं तेवढं सांग."

ते मला कुठून माहीत असणार? पुढच्या तारखेला नमुना जुळला नाही तर अर्ज फेटाळला जाणार होता. अर्ज फेटाळला की इंदूर. आईनं बॅगेत माझे स्वेटरसुद्धा भरले होते.

जायच्या आधी पथकाचा ताशा परत करायला म्हणून मी सरावाच्या मैदानावर गेले. ऊन उतरलं होतं. गणपती तोंडावर आले होते, नवी पोरं घामानं निथळत होती. पथकाचे प्रमुख उमेशदादा एका हातात चहाचा कप घेऊन त्यांच्यावर ओरडत होते. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला आणि गळ्यातला ताशा पाहून पुन्हा पडला.

"परत द्याया आलीस व्हय?" ते म्हणाले. "दे. पण आधी एक डाव वाजीव. या पोरांना इशारा कळंना झालाय."

आमच्या पथकाचा इशारा उमेशदादांनी स्वतः बसवलाय. एवढ्या गोंगाटात मागच्या रांगांना ताशा नीट ऐकू जात नाही. म्हणून ताशाचे तीन ठोके, मग एक रिकामी जागा, आणि त्या रिकाम्या जागेत, ज्यांना ठोके ऐकू आले त्या सगळ्यांनी डावा पाय जमिनीवर हाणायचा. जमिनीतून तो हादरा शेवटच्या रांगेपर्यंत जातो आणि सगळं पथक एकदम चाल बदलतं. साताऱ्यात दुसरं कुठलंही पथक असं करत नाही. आम्ही चार-चार महिने नुसता डावा पाय घोटलाय.

मी काड्या हातात घेतल्या. तीन ठोके दिले आणि जागा सोडली.

रांगेतल्या जुन्या मंडळींचे डावे पाय धाडकन आदळले. कडेला खुर्चीवर बसलेल्या, पथक सोडून जमाना झालेल्या देशमाने काकांचाही पाय आदळला. आणि उमेशदादांचाही, त्यामुळे त्यांचा सगळा चहा त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर गेला.

"आता काय म्हणावं या पायाला," ते सदऱ्याकडे बघत म्हणाले. "घरी टीव्हीवर मिरवणूक लागली तरी आदळतो. आमची ही म्हणते, फरशी फुटंल."

मी हसायला लागले. कितीतरी दिवसांनी हसले आणि हसता हसता एकदम थांबले. चार वर्षं. तोही चार वर्षं माझ्याच ताशावर डावा पाय हाणत होता.

"दादा," मी म्हटलं, "ताशा मी अजून थोडे दिवस ठेवते."

रुक्सानाला सांगितलं तेव्हा ती एवढी खूश झाली की फोनवर तिला बोलताच येईना. डॉ. इनामदार बाईंना मात्र मला सगळं दोनदा समजावून सांगावं लागलं, कारण त्यांनी आयुष्यात मिरवणूक फक्त टाळली होती. समजल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे मन नेण्याची गरजच नाही. पाय मनाला विचारणारच नाहीत."

तारखेला रुक्सानानं मागणी केली की नमुना व्हरांड्यात नको, कोर्टासमोरच्या रस्त्यावर घ्यावा, नेहमीच्या परिस्थितीत, आणि तेव्हा ताशा वाजावा.

पाटोळे साहेबांनी चष्मा काढला. "ताशा?"

"साहेब, गणपती आठवड्यावर आलेत," रुक्साना म्हणाली. "गावात सध्या नेहमीची परिस्थिती हीच आहे."

हर्षलच्या वकिलांनी हरकत घेतली. ताशावर सगळेच एकसारखे चालतात, मग तो नमुना काय कामाचा? मुद्दा चांगला होता. डॉ. इनामदार बाई उभ्या राहिल्या. "ठेक्यामुळे पाऊल कधी पडायचं ते ठरतं," त्या म्हणाल्या. "कसं पडायचं ते प्रत्येकाचं स्वतःचंच असतं. आणि ताशा गळ्यात असतो, त्यानं जमीन हादरत नाही. ढोल असता तर मीच नको म्हटलं असतं."

"ढोल नाही," साहेब ठामपणे म्हणाले. "एकच ताशा. कोण वाजवणार?"

मी उभी राहिले. हर्षल पुन्हा हसला. मी त्याच्यासाठी वाजवणार, असंच काहीतरी त्याला वाटलं असावं. त्यानं वकिलाच्या कानात काहीतरी सांगितलं आणि वकिलांनी हरकत मागे घेतली. त्या क्षणी मला त्याची भीती वाटेनाशी झाली. चार वर्षं माझ्या मागे वाजवून या माणसाला ताशा म्हणजे काय तेच कळलं नव्हतं. त्याला वाटत होतं मी त्याच्यासाठी वाजवते. मी तर हुकूम देत होते.

कोर्टासमोर ही गर्दी जमली. आई पुढे येऊन उभी होती. हर्षल लंगडत चालायला लागला, आणि मी साधा ठेका धरला. तो ठेक्यात लंगडत होता. अगदी व्यवस्थित लंगडत होता. रस्त्याच्या कडेला यंत्र मांडून बसलेल्या डॉ. इनामदार बाईंनी मान हलवली: नाही. माझी एक काडी निसटता निसटता राहिली. चालेल ना हे? नाही चाललं तर घरी बॅग तयारच होती.

तो परत फिरून माझ्यासमोरून जायला लागला. मी तीन ठोके दिले आणि हात थांबवले.

त्याचा डावा पाय वर गेला आणि धाडकन खाली आला. पाठोपाठ तो "आई गं" म्हणून कळवळला आणि पाय धरून रस्त्यावरच बसला.

कुणाला काही कळेना. पाटोळे साहेब पायऱ्या उतरून खाली आले. "काय झालं? गुडघा?"

"नाही साहेब. म्हणजे हो."

"बूट काढा."

डाव्या बुटातून एक खडा निघाला. चांगला सुपारीएवढा. लंगडी खरी वाटावी म्हणून घातलेला. सोंगाला तो ठीक होता, पण पथकाच्या इशाऱ्याला सगळं वजन घेऊन त्याच्यावर पाय हाणायचा म्हणजे कठीण काम.

"पायात गेला असेल, साहेब," हर्षल म्हणाला.

"गेला असेल," साहेब म्हणाले. "आता तो बाहेर आलाय. पुन्हा चाला. बाई, तुम्ही वाजवा."

आता मी वाजवलं. मनापासून वाजवलं. कितीतरी दिवस अंगात साठलेलं सगळं त्या काड्यांत उतरलं. तो अजूनही लंगडायचा प्रयत्न करत होता. पण दर इशाऱ्याला त्याचा डावा पाय आदळायचा आणि पुढची पाच-सहा पावलं त्याच्या हातात राहायची नाहीत. ती सरळ, सवयीची, त्याची स्वतःची पडायची. मग त्याला आठवायचं, तो लंगडायचा, आणि मी पुन्हा इशारा द्यायचे. गर्दीत कुणीतरी माझ्याबरोबर पाय आपटायला लागलं. वळून पाहिलं तर उमेशदादा.

डॉ. इनामदार बाईंनी हात वर केला. "पुरे. जुळला."

आत गेल्यावर हर्षल पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला. "मी तिला कधी हातसुद्धा लावला नाही, साहेब. मी नुसता चालत होतो. रस्ता काय तिच्या एकटीचा आहे?"

"रस्ता सगळ्यांचा आहे," पाटोळे साहेब लिहिता लिहिता म्हणाले. "तिची पाठ तिची आहे." आणि आदेशावर सही केली.

आईनं घरी येऊन आधी बॅग रिकामी केली. स्वेटर कपाटात ठेवताना म्हणाली, "इंदूरला थंडी फार असते, असंही."

त्या वर्षी मी मिरवणुकीत पहाटेपर्यंत वाजवलं. रोज चालत घरी यायला लागले. पहिले काही दिवस मनगटावरची पट्टी सारखी चाचपून पाहायचे. मग कमी चाचपायला लागले. मग कधीतरी विसरले. ती एकदाही थरथरली नाही.

दिवाळी झाल्यावर मात्र एका सकाळी मोबाइलवर निरोप आला: आपली चाल नोंदीशी जुळत नाही, संरक्षण चालू ठेवण्यासाठी त्वरित संपर्क साधा. रस्ता मलाच ओळखेना झाला तर हर्षलला दूर कसा ठेवणार? मी दुकान उघडलंच नाही. आईला घेऊन तडक डॉ. इनामदार बाईंकडे गेले.

त्यांनी शांतपणे पडद्यावर दोन रेषा लावल्या. "ही तू अर्ज केलास तेव्हा उघडलेली, रस्त्यावरची. ही काल संध्याकाळची. बघ."

पहिली रेषा बारीक, घाईची होती, दर थोड्या पावलांनी तुटलेली. "इथे तू वळून बघतेयस," बाई म्हणाल्या. "इथे परत. इथे परत." दुसरी लांब आणि सैल होती, आणि मोती चौकात विनाकारण थांबली होती. "इथे काय करत होतीस?"

"पेरू घेतला," मी म्हटलं. "तिखटमीठ लावून."

"यंत्र बिघडलेलं नाही," बाई म्हणाल्या. "त्याच्याकडे त्या घाबरलेल्या मुलीचा ठसा आहे. ही कोण नवीन आली, असं त्याला वाटतंय. नवा नमुना दे म्हणजे झालं."

कोर्टाचा तोच व्हरांडा, तोच पट्टा. आई म्हणाली, "नीट चाल गं, मोजतायत." मी म्हटलं, नीट म्हणजे कशी? बाई म्हणाल्या, जशी चालतेस तशी. मी निघाले. बाहेर ऊन छान पडलं होतं, संध्याकाळी सरावाला कुठला ताल घ्यायचा ते मी मनात जुळवत होते, आणि व्हरांडा संपत आला तरी माझ्या लक्षात आलं नाही.

"शलाका, थांब," बाईंनी हाक मारली. "परत घ्यावा लागेल. तुझ्या मागे दुसरी पावलं येतायत."

मी वळले. आई होती. पर्स काखेत धरून माझ्या मागोमाग येत होती. "मी म्हटलं, सोबत म्हणून," ती ओशाळून म्हणाली.

"तुला ऐकू नाही आली?" बाईंनी मला विचारलं.

"आली की," मी म्हटलं. "म्हटलं, असेल कुणीतरी."